यमोनचा विषय

यमोन बँकॉकला नेमकं काय शिकते हे आमच्या गल्लीत कुणालाच धड माहीत नव्हतं, आणि ज्यांना अजिबात माहीत नव्हतं तेच सगळ्यांत जास्त सांगत सुटायचे. तिचे वडील ऊ सो टिंट यांनी उभा जन्म यांगूनच्या बसगाड्या हाकल्या. कोणी विचारलं, की ते तोंडातला पानाचा तोबरा या गालातून त्या गालात ढकलायचे आणि म्हणायचे, "देशादेशांमधली भांडणं सोडवायचं शिक्षण आहे ते. फार मोठं असतं." यावर मोहिंगा, म्हणजे माशाच्या रश्श्यातल्या शेवया, विकणारी डो न्यो सेन एकदा म्हणाली, "मग तिला म्हणावं, आधी माझं आणि पलीकडच्या भजीवालीचं सोडव. नळापाशी कुणाची हद्द कुठे संपते ते अजून ठरलेलं नाही."

खरं सांगायचं तर यमोन एम.ए. करत होती, आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात. त्यातही तिने प्रबंधासाठी उचललेला भाग चमत्कारिक होता. एखाद्या देशातलं सरकारच आपल्या माणसांच्या जिवावर उठलं, तर बाहेरच्या देशांनी फौज घेऊन आत शिरावं का? शिरतात तेव्हा का शिरतात, आणि नाही शिरत तेव्हा का नाही? या शिरण्याला त्या शास्त्रात हस्तक्षेप म्हणतात. बाहेर कुठे कुठे असं झालं आणि कुठे कुठे झालं नाही, हे तिला तोंडपाठ होतं. हिशेबनीस व्हायची अक्कल होती पोरीला, बँकेत चिकटली असती, पण नाही. स्वतःच्या देशात जन्मून असला विषय घेणं म्हणजे झोपलेल्या कुत्र्याच्या शेपटीचं माप घ्यायला जाणं.

जानेवारीत ती मुलाखती घ्यायला म्हणून घरी आली. महिनाभर राहून परत जाणार होती. एक फेब्रुवारीला सैन्याने सत्ता हातात घेतली आणि विमानं बंद झाली. तिचा अभ्यास करायचा विषय आपणहून दारात येऊन उभा राहिला.

पहिले काही दिवस संध्याकाळी आम्ही पातेली बडवली. घरातली पीडा बाहेर घालवायची तर भांडी वाजवायची, हे आमच्याकडे जुनंच. या पीडेला कान नव्हते. मार्च उजाडला तोवर खाडीवरच्या पुलापाशी गोळ्या चालल्या होत्या आणि डो न्यो सेनच्या मुलाला मोर्चातून उचलून नेऊन तुरुंगात टाकलं होतं. गल्लीच्या तोंडाशी वाळूच्या गोण्या आल्या, बांबू आले, कुणाचा तरी मोडका सोफासुद्धा आला. गॅरेजमध्ये काम करणारा झेया, चोवीस-पंचवीसचा पोरगा, आपोआप त्या आडोशाचा प्रमुख झाला. आणि ऊ सो टिंट त्याचे सल्लागार. गुडघे दुखतात म्हणून देवळात जायला कुरकुरणारा हा माणूस आता दिवसभर गोण्यांवर बसलेला असायचा.

गोण्यांच्या पुढे रस्त्यावर आडवी दोरी बांधून तिच्यावर बायकांच्या नेसत्या लुंग्या वाळत घातल्या होत्या. बाईच्या लुंगीखालून गेलं की पुरुषाचं तेज उतरतं असं आमच्याकडे मानतात, आणि शिपाईही आमच्यातलेच. यमोनला आधी हसू आलं.

"बाबा, बंदुकवाल्यांना लुंगीने अडवणार?"

"तुझं पुस्तक आहे ना, तसंच हे आमचं," ऊ सो टिंट म्हणाले. "तू तुझं बघ."

आणि पहिल्यांदा खरंच झालं की तसं! शिपायांची तुकडी आली, दोरीपाशी थबकली. एकमेकांना पुढे ढकलू लागली. शेवटी त्यांनी कुणाला तरी बांबू आणायला पाठवलं, आणि बांबू येईपर्यंत गल्लीतली सगळी पोरं मागच्या बाजूने पसार झाली. त्या दिवशी डो न्यो सेनने स्वतःच्या हाताने सगळ्यांना मोहिंगा वाढला. "माझी हिरवी होती मधली," ती सांगत सुटली. "हिरवीपाशीच अडले मेले!"

त्याच दुपारी चहाच्या दुकानात यमोनला गाठलं गेलं. दुकान अर्धं बंद होतं, फळी उघडून आत बसायचं. झेयाने तिच्यासाठी स्टूल पुसलं.

"ताई, आता सरळ सांगा. तुम्ही शिकलाय म्हणून विचारतो. बाहेरचे येतात की नाही?"

यमोनला वर्गात बोलायची सवय. तिथे असा प्रश्न आला की आधी पार्श्वभूमी सांगायची, मग बाजूचे मुद्दे, मग विरुद्ध बाजूचे, आणि शेवटी निष्कर्ष. तशी ती सुरुवातीपासून निघाली.

"२००५ साली न्यूयॉर्कला सगळ्या देशांचे प्रमुख जमले होते," ती म्हणाली. "त्यांनी एकमताने मान्य केलं, की जे सरकार आपल्याच माणसांची कत्तल करतं, तिथे त्या माणसांना वाचवायची जबाबदारी जगाची आहे."

"सगळ्या देशांनी?" झेयाने विचारलं.

"सगळ्या."

"आपल्या देशानेसुद्धा?"

"आपल्यासुद्धा."

दुकानात हशा पिकला. मग कुणीतरी विचारलं, "लिहून दिलंय?" ती म्हणाली, "लिहून दिलंय." आणि डो न्यो सेन, जिचा मुलगा आत गेल्यापासून तिच्या डोळ्यांतून कुणी पाणी पाहिलं नव्हतं, ती हातांनी तोंड झाकून हमसून हमसून रडायला लागली. "म्हणजे येतील," ती म्हणत होती. "बाई गं, म्हणजे येतील."

यमोनचं उरलेलं अर्धं उत्तर तिच्या तोंडाशी आलं होतं. जबाबदारी मान्य केली तरी निर्णय सुरक्षा परिषदेत होतो. तिथे पाच बड्या देशांपैकी एकाने जरी नाही म्हटलं तरी सगळं तिथेच थांबतं. आणि आमच्या बाबतीत नाही म्हणणारे कोण, हे तिला नावानिशी माहीत होतं. पण डो न्यो सेनचे खांदे हलत होते आणि सगळेजण यमोनकडे कसे बघत होते म्हणून सांगू! तिने चहाचा पेला उचलला आणि उरलेलं अर्धं उत्तर चहाबरोबर गिळून टाकलं. उद्या सांगू, असं तिने मनाशी ठरवलं. एवढंच तिचं चुकलं, आणि ते फार चुकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावर चुन्याने इंग्रजी अक्षरं काढायचं काम सुरू होतं. 'आम्हाला वाचवा', आणि त्याखाली त्या जबाबदारीचं नाव. अक्षरं पुरुषभर लांब.

"एवढी मोठी कशाला?" यमोनने विचारलं.

"वरून दिसायला नकोत?" झेया म्हणाला. "ताई, एकदा नजर टाका हं. काही चुकलं तर मेले दुसऱ्याच गल्लीत उतरतील."

गच्च्यांची पाहणी झाली. कुणाची गच्ची हेलिकॉप्टर पेलेल यावरून दोन घरांत अबोला धरला गेला. डो न्यो सेन वेगळ्याच काळजीत होती. "पोरी, ते माशाचा रस्सा खातात का गं? मिरची कमी घालीन मी. पण मासा नाही म्हटला तर मोहिंगात उरलं काय?" यमोनने खातात म्हणून सांगितलं. काय सांगणार? दर दिवशी ते उरलेलं अर्धं उत्तर जड होत चाललं होतं आणि दर दिवशी ते सांगायला जास्त माणसांना दुखवावं लागणार होतं.

त्या दिवसांतली शांतता मला अजून आठवली की नको वाटतं. पलीकडच्या गल्लीतले लोक एकेक करून निघून गेले, दारांना कुलपं दिसू लागली. दोन अनोळखी माणसं सायकली घेऊन यायची, चप्पल दुरुस्त करणारा कुठे बसतो असं विचारायची, आणि दोघांच्याही पायांत नवे कोरे बूट. जुन्या वॉर्डप्रमुखाने राजीनामा दिला होता. नवा आला तो कुणाशी बोलला नाही, नुसता गल्लीतून चालत गेला आणि घरं बघत परत गेला. मोबाईलचं इंटरनेट तोडलेलं. गल्लीतली कुत्री पुलाकडे तोंड करून बसायची, भुंकायची मात्र नाहीत.

मग एका दुपारी पुलावर गाडी थांबली. यमोन त्या वेळी वरच्या खिडकीत होती. शिपाई उतरले, आणि त्यांच्यातला एक तरुण अधिकारी रमतगमत अक्षरांपाशी आला. झेया आणि बाकीचे गोण्यांमागे श्वास रोखून बसलेले. अधिकाऱ्याने मान वाकडी करून अक्षरं मोठ्याने वाचली. मग हसला. खिशातून फोन काढून, अक्षरं मागे दिसतील असा उभा राहून त्याने स्वतःचा फोटो काढला, आणि लुंग्यांच्या दोरीकडे एकदा बघून परत गेला. पुसून टाकायला लावली नाहीत त्याने अक्षरं. गाडीच्या मागच्या बाजूला आकडा लावलेले लांब बांबू रचून ठेवलेले यमोनला वरून स्पष्ट दिसले. या वेळी ते बांबू बरोबरच घेऊन आले होते.

खाली पोरं आनंदली. "पाहिलंत? अक्षरं बघून पळाला!"

यमोनने मात्र खिडकी लावून घेतली. दोरीवरची लुंगी समोरचा भितो तोवरच अडवते, आणि त्याची भीती गेली की ती नुसतं कापड असते. तिने दोन वर्षं जे पुस्तकांत वाचलं होतं त्याचीही गत तीच होती, आणि ते तिला आज पहिल्यांदा नीट कळलं.

वायरीचं इंटरनेट दिवसा चालायचं. तिने झेयाच्या मालकाच्या घरी बसून बँकॉकला आपल्या मार्गदर्शक बाईंना, अजान रच्नींना, फोन लावला; तिकडे शिक्षकांना अजान म्हणतात. रच्नीबाई मनाने चांगल्या. त्यांनी आधी जेवलीस का विचारलं. मग म्हणाल्या, "तिथून बाहेर पड. प्रबंधाला मुदत वाढवून घेतली आहे मी. पण एक सांगते, तुझा चौथा अध्याय आता फार महत्त्वाचा होणार. तुझ्याकडे जे आहे ते कुणाकडेच नाही."

"अजान, ते येतील का?"



"तू स्वतःच लिहिलं आहेस की, बाळा," रच्नीबाई हळूच म्हणाल्या. "तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी. मीच त्याला चांगला शेरा दिला होता."

तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी काय होतं ते यमोनला बघायची गरज नव्हती. ती घरी आली तेव्हा नवी बातमी तिची वाट पाहत होती. खाडीतून वाळू नेणारी एक होडी दुसऱ्या दिवशी दुपारी रिकामी परत जाणार होती. नावाड्याने निरोप धाडला होता, की वरच्या गावांपर्यंत जितकी मावतील तितकी माणसं नेतो, यानंतर माझं येणं होणार नाही.

"मग जाऊ या ना सगळे," यमोन म्हणाली.

"म्हाताऱ्या आणि लेकुरवाळ्या जातील," ऊ सो टिंट म्हणाले. "आम्ही कसे जाणार?"

"का नाही?"

वडिलांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू भर चौकात सिग्नल कळेना झालाय पोरीला. "अगं, ते एवढ्या लांबून येणार. आले आणि गल्ली रिकामी दिसली तर? म्हणतील, इथे वाचवायला आहेच कोण! जातील परत. कुणीतरी जागेवर राहायला नको?"

यमोनने त्या क्षणी ठरवलं. झोप नव्हतीच, पण सकाळी तिने तोंडावर पाणी मारलं, गालांना थनाखाच्या सालीचा लेप लावला, आणि चहाच्या दुकानाची फळी उघडून आत गेली. सगळे होते. ती स्टुलावर बसली नाही.

"कुणीही येणार नाही," ती म्हणाली. "हेलिकॉप्टर नाही, जहाज नाही, कुणी नाही. मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं. मान्य केलंय हे खरं. पण यायचं की नाही ते पाच देश ठरवतात आणि त्यांतले दोन नाहीच म्हणणार. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आज होडी आहे. सगळे चला."

मग डो न्यो सेन म्हणाली, "येणारच नाहीत तर ते शिकवतात कशाला?"



"आणि तू शिकलीस कशाला एवढं?" दुसरं कुणीतरी म्हणालं. हा प्रश्न टोमणा म्हणून आला होता, पण विचारणाऱ्याचा आवाज फाटला.

झेया उठला. त्याने यमोनच्या खांद्यावर हात ठेवला, मोठ्या भावाने ठेवावा तसा, खरं तर तो तिच्याहून लहान. "ताई घाबरल्यात," तो सगळ्यांना म्हणाला. "काल तो अधिकारी बघितला ना त्यांनी वरून. कुणीही घाबरेल."

आणि झालं! सगळ्यांना हायसं वाटलं. घाबरली हो पोर. एका घोटात सगळ्यांनी तिला माफ करून टाकलं. ती ओरडून सांगत राहिली, परिषदेतल्या मतदानांची उदाहरणं देत राहिली, कुठे किती हजार मेले तरी कुणी आलं नाही ते सांगत राहिली, आणि ती जितकं सांगे तितके लोक तिच्याकडे अधिक मायेने बघत राहिले. कुणीतरी तिच्यापुढे गोड चहा ठेवला. पहिलं अर्धं उत्तर तिने शांतपणे दिलं होतं, म्हणून ते खरं ठरलं होतं. हे दुसरं रडत सांगत होती.

शेवटी ऊ सो टिंट बोलले. "हिला होडीत घालू या," ते म्हणाले. "हिला इंग्रजी येतं, हिची माणसं आहेत बँकॉकला. इथे बसून काय करणार? तिथे जाऊन सांगेल तरी त्यांना. घाई करा म्हणावं."

"बाबा, मी तुम्हाला सोडून जाणार नाही."

"मग सांगणार कोण? झेया? त्याचं इंग्रजी चुन्याने लिहिण्यापुरतं आहे."

लोक हसले. झेयाही हसला. तिला काठापर्यंत पोचवायला अर्धी गल्ली आली, सासरी निघालेल्या मुलीसारखी. डो न्यो सेनने भाताची पुडी हातात कोंबली. ती स्वतः निघाली नव्हती. मुलाला तुरुंगात डबा कोण पोचवणार, म्हणाली. यमोनने वडिलांचा हात धरला तो सोडेना. त्यांनी एकेक बोट करून तो सोडवला.

"ऐक नीट," ते म्हणाले. "पूल ओलांडला की डावीकडे दुसरी गल्ली. पहिलीत शिरायचं नाही, ती पुढे बंद आहे. मोठी वाहनं असतील तर खाडीच्या कडेने आणा म्हणावं, आत वळत नाहीत. लक्षात राहील?"

"राहील, बाबा."

"म्हणून दाखव."

तिने म्हणून दाखवलं. दुसरं काय करू शकत होती? होडी निघाली तेव्हा ते काठावर उभे राहून हाताने डावं वळण दाखवत होते.

पुढे ती जंगलातून सीमेपलीकडे कशी गेली, किती चालली, ते सांगत बसत नाही. जे गेले त्यांना माहीत आहे. बँकॉकला पोचल्यावर कितीतरी दिवस आमच्या गल्लीतला एकही फोन लागला नाही. मग एका अनोळखी नंबरवरून झेयाचा आला. तो सीमेजवळच्या एका गावात होता, हाताला गोळी लागून गेलेली. होडी गेल्यावर काही दिवसांनी शिपाई सकाळीच आले होते, गल्लीच्या दोन्ही तोंडांनी. डो न्यो सेन वाचली होती. ऊ सो टिंट गोण्यांपाशी होते.

"मी त्यांना ओढत होतो, ताई," झेया म्हणाला. "येईनात. म्हणाले, पोरगी पोचली असेल एव्हाना, आज-उद्याकडे येतीलच, अजून थोडं थांबू." मग तो म्हणाला, "मृतदेह दिला नाही त्यांनी."

यमोनने प्रबंध पुरा केला. लोकांना वाटलं ती सोडून देईल. तिने एकही दिवस सोडला नाही. चौथा अध्याय आमच्या गल्लीवर होता, नावं बदलून. पावसाळ्यात तिची तोंडी परीक्षा झाली. समोर रच्नीबाई, आणि बाहेरून आलेले एक वयस्क परीक्षक. फार सज्जन गृहस्थ. त्यांनी आरंभीच सांगितलं, की आपण एवढं चांगलं काम अलीकडे वाचलेलं नाही. मग त्यांनी चष्मा लावला आणि खुणेचा कागद घातलेलं पान उघडलं.

"एक किरकोळ त्रुटी आहे," ते म्हणाले. "इथे तुम्ही लिहिता, की बाहेरची मदत नक्की येणार अशी तिथल्या रहिवाशांची खात्री होती, आणि म्हणून ते जागा सोडून गेले नाहीत. सगळा युक्तिवाद या वाक्यावर उभा आहे. पण ही खात्री त्यांना कुठून मिळाली, त्याला आधार दिलेला नाही. तळटीप राहिली आहे. वृत्तपत्र, रेडिओ, एखादी संघटना? कुणी सांगितलं होतं त्यांना?"

त्यांनी पेन उघडून समासावर टेकवलं. रच्नीबाई खाली बघू लागल्या.

"मी," यमोन म्हणाली.